मावळलेल्या सूर्याचं ऊन

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, न्यूकॅसलच्या पुढे टाइन नदी उत्तर समुद्राला मिळते त्या भागात, मे महिन्याचा पहिला आठवडा सरला की खरी रात्र होतच नाही. सूर्य मावळतो, पण खोल जात नाही. २१ जूनच्या आसपास तो पावणेदहाच्या सुमाराला वायव्येला बुडतो, क्षितिजाच्या खालून तिरका तिरका उत्तरेकडे सरकत जातो आणि साडेचारच्या सुमाराला ईशान्येला समुद्रातून वर येतो. ऐन मध्यरात्रीही तो क्षितिजाच्या खाली जेमतेम साडेअकरा अंश असतो. काळोख पुरता व्हायला अठरा अंश लागतात. त्यामुळे उत्तरेच्या अंगाला रात्रभर एक निळसर-हिरवट उजेड जागा असतो आणि रात्र सरेल तसा तो डावीकडून उजवीकडे चालत जातो. सवय झाली की त्याच्याकडे पाहून किती वाजले ते सांगता येतं.

आकाशनिरीक्षकांचा हा नावडता काळ. आकाशगंगा पुसली जाते, तेजोमेघ हरवतात, मोठ्या दुर्बिणींवर आच्छादनं चढतात. उरतात ते मोजके ठळक तारे: दक्षिणेला स्वाती, तिच्या खाली चित्रा, पूर्वेला अभिजित आणि हंस, माथ्यावर सप्तर्षी. मला मात्र वर्षभरातल्या याच रात्रींची ओढ असते. मे लागला की रात्रीचं जेवण आटोपून समुद्राच्या भिंतीपाशी जाऊन उभं राहायचं, हा माझा इथला नेम आहे. खाली व्हिटली बेची लांबलचक पुळण. उत्तरेला खडकावर सेंट मेरीचं दीपगृह. १९८४ साली त्याचा दिवा बंद केला, तेव्हापासून ते नुसतं पांढरं उभं आहे. वारा असतो. जूनमध्येसुद्धा जाड स्वेटर लागतो. आणि वर, त्या विरळ ताऱ्यांच्या मधून, माणसांनी पाठवलेल्या वस्तू चालत असतात.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. तिथे संध्याकाळी सूर्य समोरच्या डोंगराआड गेला की खळ्यात काळोख उतरतो, गोठ्यात दिवा लागतो, पण उंच माडांच्या शेंड्यांवर ऊन रेंगाळत राहतं. उपग्रह दिसतो तो याच न्यायाने. आपल्याला दिसेल असा काही दिवा त्याच्यावर लावलेला नसतो. आपण पृथ्वीच्या सावलीत आलेले असतो आणि तो अजून उन्हात असतो, एवढंच. चारशे किलोमीटर उंचीवरच्या वस्तूला आपला सूर्य मावळल्यावरही, तो क्षितिजाखाली जवळजवळ वीस अंश जाईपर्यंत, ऊन मिळत राहतं. दापोलीत सूर्य सरळ खाली बुडी मारतो. जूनच्या मध्यरात्रीही तो पन्नासएक अंश खोल असतो, म्हणून तिथे उपग्रह पाहायचे ते दिवेलागणीनंतरच्या तास-दीड तासात किंवा पहाटे. मधली सगळी रात्र ते सावलीत असतात, डोक्यावरून जातात आणि दिसत नाहीत. इथे उन्हाळ्यात सूर्य वीस अंश खाली जातच नाही. खाली माणसं झोपलेली, घरांत अंधार, आणि चारशे किलोमीटरवर रात्रभर लख्ख ऊन पडलेलं. तेच ऊन मी पाहायला जाते.

त्यातलं सगळ्यांत ठळक दिसतं ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. पश्चिमेला घरांच्या छपरांवर एक पिवळसर ठिपका उमटतो. विमान असेल तर तांबडा-हिरवा दिवा लुकलुकतो आणि थोड्या वेळाने घरघर ऐकू येते. हा ठिपका लुकलुकत नाही आणि त्याच्यामागून आवाजही येत नाही. वर चढेल तसा तो तेज होतो, पिवळेपणा जाऊन पांढरा होतो आणि दक्षिणेला आला की एकाही ताऱ्याची त्याच्यापुढे मात्रा चालत नाही. चंद्र आणि शुक्र सोडले तर त्या वेळी आकाशात त्याच्या तोडीचं क्वचितच काही असतं. मे महिन्यातल्या मध्यरात्री तो स्वातीच्या खालून आणि चित्राच्या वरून जातो. तेव्हा तो माझ्या माथ्यावर नसतो, इथून चारशे किलोमीटर दक्षिणेला, लंडन-ऑक्सफर्डच्या माथ्यावर असतो. १०९ मीटर लांब, चारशे टनांहून जड, सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने पडत राहिलेली ती वस्तू पाच-सहा मिनिटांत सगळं आकाश पार करून पूर्वेला समुद्रावरच्या धुक्यात जाते. २ नोव्हेंबर २००० पासून त्या स्थानकात माणूस नाही असा एक दिवस गेलेला नाही. त्या ठिपक्यात माणसं आहेत, कुणी झोपलं असेल, कुणी खिडकीशी असेल, ही गोष्ट मला कधी जुनी होत नाही.

ते परत येतं. साधारण ९३ मिनिटांनी. तेवढ्या वेळात त्याने हिंदी महासागर, न्यूझीलंडच्या खालचा समुद्र, अख्खा पॅसिफिक आणि अमेरिका मागे टाकलेली असते. हिवाळ्यात पहिली फेरी दिसते आणि पुढची सावलीत हरवते. या उजेडाच्या रात्रींत सगळ्या दिसतात. जुळून आलं तर एका रात्रीत चार. मधल्या वेळात मी घरी जाऊन चहा करते, मांजराला आत घेते, आणि पुन्हा भिंतीपाशी येते. पृथ्वी दरम्यान तेवीस अंश फिरलेली असते, त्यामुळे प्रत्येक फेरीची वाट थोडी सरकलेली.

हे स्थानक इतकं उत्तरेला येतं यामागे एक कारण आहे. अमेरिकेने आधी आखलेलं 'फ्रीडम' नावाचं स्थानक विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांचा कोन करून फिरणार होतं. तसं झालं असतं तर इंग्लंडला ते कधी दिसलंच नसतं. सोव्हिएत संघ मोडला, १९९३ मध्ये रशिया या कामात आला आणि कक्षा बदलली. कझाकस्तानातल्या बैकोनूरहून यान सोडायचं तर रॉकेटचे गळून पडणारे भाग चीनच्या हद्दीत पडता कामा नयेत, म्हणून तिथली यानं ५१.६ अंशांच्या कक्षेत सोडतात. तीच कक्षा सगळ्यांची झाली. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये सॅल्यूट-७ वर राहिले, त्या स्थानकाची वाटही हीच. दोन जुन्या वैऱ्यांनी एकत्र काम करायचं ठरवलं आणि त्यामुळे उत्तर समुद्राकाठच्या माणसांना रात्री बघायला काहीतरी मिळालं. जगातल्या कितीतरी करारांतून याहून कमी निघालेलं आहे.

स्थानकाखेरीज इतर पुष्कळ असतात. ध्रुवांवरून फिरणारे, उत्तरेकडून दक्षिणेला जाणारे अंधुक ठिपके. ते दक्षिणेला खाली उतरले की पृथ्वीच्या सावलीत शिरतात आणि बघता बघता मालवतात. काही ठिपके थांबून थांबून उजळतात. ती उपग्रह सोडून रिकामी झालेली रॉकेटं. वर्षानुवर्षं कोलांट्या खात फिरताहेत, आणि त्यांची लांब कूस सूर्यासमोर आली की तेवढ्यापुरती चमकतात. इरिडियमच्या उपग्रहांवर दाराएवढ्या गुळगुळीत रुपेरी पट्ट्या होत्या. त्यांवरून परावर्तित झालेलं ऊन नेमकं आपल्यावर आलं तर काही सेकंद शुक्राहून कितीतरी तेजस्वी झळाळी दिसायची. २०१७ ते २०१९ या काळात ते जुने उपग्रह बदलले, आणि ती झळाळी जवळजवळ संपली. आकाशातही गोष्टी येतात आणि जातात, हे मला त्या पट्ट्यांमुळे पहिल्यांदा नीट कळलं.

आमच्या गल्लीत एक आजोबा राहतात. नॉर्थ शील्ड्सच्या गोदीत त्यांचा जन्म गेला. मी रात्री भिंतीपाशी का जाते हे कळल्यावर त्यांनी मला 'एको'बद्दल सांगितलं. १२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेने तीस मीटर व्यासाचा, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला एक पातळ फुगा कक्षेत सोडला होता. रेडिओचे संदेश त्याच्यावर आपटून परत यावेत एवढंच त्याचं काम. पण तो दिसायचा फार सुंदर. वर्तमानपत्रात वेळा छापून यायच्या, आणि आजोबांचे वडील सगळ्या पोरांना परसात उभं करायचे. आजोबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे. ते सांगताना त्यांनी हात वर करून जी दिशा दाखवली ती इतकी बरोबर होती, की साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची ती वाट त्यांच्या खांद्यात राहिली असली पाहिजे. एको १९६८ मध्ये वातावरणात शिरून जळाला. त्याआधी, १९५७ च्या ऑक्टोबरात, लोकांनी स्पुटनिक पाहिला म्हणून सांगितलं. पण स्पुटनिक म्हणजे ५८ सेंटिमीटरचा गोळा, तो नुसत्या डोळ्यांना दिसणं फार अवघड. बहुतेकांनी पाहिलं ते त्याच्या मागोमाग फिरणारं रॉकेट. त्याने काय फरक पडतो? माणसाने वर पाठवलेली वस्तू त्यांनी पाहिली होती.

आणि त्या पाहण्यातून खरं शास्त्रही निघालं. दक्षिण इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये डेसमंड किंग-हेली नावाचे शास्त्रज्ञ होते. उपग्रहांच्या कक्षा कशा बदलतात याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला, आणि त्यांना लागणाऱ्या निरीक्षणांतली कितीतरी हौशी माणसांनी आपल्या परसात उभं राहून केलेली होती. साधनं दोनच: एक साधी दुर्बीण आणि एक स्टॉपवॉच. रीत अशी. उपग्रह येणार त्या वाटेवरचे दोन ओळखीचे तारे आधी धरून ठेवायचे. दुर्बीण तिथे रोखून निश्चल राहायचं. उपग्रह दृष्टिक्षेत्रात शिरतो, ताऱ्यांकडे सरकतो. दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ तो ओलांडतो त्या क्षणी बोट दाबायचं. रेघेचा कितवा भाग होता, तिसरा, पाचवा, ते मनात पक्कं करायचं. मग घरात येऊन रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांना घड्याळ थांबवायचं आणि वजाबाकी करायची. सराव झालेल्या हाताला सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ पकडता येते. अशा हजारो नोंदी एकत्र केल्यावर कळलं, की अडीचशे-तीनशे किलोमीटरवरही हवेचा विरळ अंश आहे, सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राबरोबर ती हवा फुगते आणि आक्रसते, आणि तिथे वारेही वाहतात. कळलं, की पृथ्वी नासपतीच्या आकाराकडे किंचित झुकलेली आहे. समुद्राची पातळी उत्तर ध्रुवापाशी जितकी उंच, तितकी दक्षिण ध्रुवापाशी नाही, आणि हा फरक कित्येक मीटरांचा आहे. परसात थंडीने कुडकुडत उभं राहिलेल्या माणसाचं बोट आणि पृथ्वीचा आकार, यांच्यात इतकं थोडं अंतर होतं. किंग-हेली २०१९ मध्ये गेले. त्यांच्या पद्धतीने नोंदी करणारी माणसं अजून आहेत. आपल्याकडेही नैनितालला १९५८ पासून पुढे बरीच वर्षं अशाच कामासाठी एक मोठा बेकर-नन कॅमेरा उभा होता. सारी पृथ्वी घेरतील अशा जागी बसवलेल्या बारांपैकी तो एक.

इंग्लंडमधल्याच केटरिंग गावच्या शाळेत जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे मास्तर होते. ते मुलांना घेऊन सोव्हिएत उपग्रहांचे रेडिओ संकेत ऐकत. १९६६ साली त्या कक्षांचा हिशेब मांडताना त्यांच्या लक्षात आलं, की काही यानं बैकोनूरहून सुटलेलीच नाहीत. प्लेसेत्स्कचा तळ, जो सोव्हिएत संघाने जगापासून लपवून ठेवला होता, तो एका शाळेच्या वर्गाने शोधून काढला. त्या मुलांचा मला फार हेवा वाटतो.

जून-जुलैत कधीकधी उत्तरेचा उजेड भरून येतो. क्षितिजालगत रुपेरी-निळ्या लाटा दिसू लागतात, नांगरलेल्या शेतासारख्या बारीक ओळी, मध्येच एखादी गाठ, एखादा पीळ. ते निशामेघ. १८८५ च्या उन्हाळ्यात लोकांना ते पहिल्यांदा ठळकपणे दिसले, क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यानंतर दोन वर्षांनी. नेहमीचे ढग दहा-बारा किलोमीटरपर्यंत. हे ऐंशीच्या वर. त्या उंचीवर उन्हाळ्यातच सर्वांत कडक थंडी पडते, उणे १२० अंशांच्याही खाली, आणि असेल नसेल तेवढ्या वाफेचे हिमकण होतात. खालचे साधे ढग सावलीत काळे आणि त्यांच्या वर हे उजळलेले, म्हणून एका नजरेत कळतं की उन्हाची हद्द कुठून सुरू होते. अवकाशात जाणाऱ्या रॉकेटांच्या धुरातली वाफही या ढगांत भर घालते. एका रात्री त्या लाटांच्या पलीकडून ध्रुवीय कक्षेतला एक उपग्रह वर चढत आला. ढग इतके विरळ की तो त्यांच्या आरपार दिसत होता. ऐंशी किलोमीटरवरचं ऊन आणि त्यामागे सात-आठशे किलोमीटरवरचं ऊन, दोन्ही एकाच मावळलेल्या सूर्याचं. किनाऱ्यावर कुत्र्याला फिरवायला आलेल्या बाई थांबल्या, त्यांनी वर पाहिलं, आणि आम्ही दोघी अनोळखी बायका तो सप्तर्षींपर्यंत जाईतो एकमेकींशी न बोलता उभ्या राहिलो.

दापोलीला आमच्या घरी आकाश म्हटलं की १९७९ निघतं. त्या जुलैत स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाश-प्रयोगशाळा पृथ्वीवर पडणार होती. माझे वडील, अण्णा, तेव्हा तरुण, प्राथमिक शाळेवर मास्तर. गावात रोज नवी वार्ता, की तुकडे कोकणातच पडणार. पावसाने आकाश कोंदलेलं, त्यामुळे वर काही दिसायचं नाही, आणि दिसत नसल्याने भीती जास्त. लोक रात्री रेडिओपाशी जमायचे. ११ जुलैला ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात आणि हिंदी महासागरात पडली. अण्णा सांगतात, दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी पृथ्वीचा गोल काढून मुलांना कक्षा म्हणजे काय ते शिकवलं, आणि मुलांइतकेच पालक खिडकीशी उभे राहून ऐकत होते.

याच अण्णांशी फोनवर बोलताना मी एकदा सहज स्थानकाची वाट नकाशावर पाहत होते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापाशी ते आपल्या उत्तरेच्या टोकाला पोचतं आणि तिथून उतरायला लागतं. जर्मनी, पोलंडची दक्षिण कड, युक्रेन, काळ्या समुद्राचा कोपरा, कॅस्पियन, इराण, कराची, अरबी समुद्र. आणि मग थेट कोकण. सतरा मिनिटं. मे महिन्यात इथे रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले असताना ते इथून निघालं, तर दापोलीत पहाटेचे सव्वापाच-साडेपाच झालेले असतात. तिथे सूर्य उगवायला अजून अर्धा-पाऊण तास असतो. म्हणजे तिथे पहाट, इथे ही अर्धवट रात्र, आणि मधल्या सगळ्या वाटेवर त्या स्थानकाच्या अंगावर ऊन. एका फेरीत ते दोघांनाही दिसू शकतं. पृथ्वीवरच्या किती गावांच्या जोड्यांना हे जमत असेल कुणास ठाऊक, पण आमची जोडी त्यात बसते.

अट एकच, मृग लागायच्या आत. एकदा पाऊस आला की कोकणचं आकाश चार महिने मिटतं. मे महिन्यात तशी जुळणारी पहाट आली. अण्णांना दिशा सांगून ठेवली होती: वायव्येकडून येईल, माथ्यावरून जाईल, आग्नेयेला उतरेल. ते पाच वाजल्यापासून खळ्यात खुर्ची टाकून बसले होते. फोन कानाला. मी इथे भिंतीपाशी. स्थानक आलं, स्वातीखालून गेलं, समुद्रावर उतरलं. मी म्हटलं, "अण्णा, इथून निघालं."

मग आम्ही बोलत राहिलो. माडाच्या वरच्या अंगाला ढग आहे म्हणाले, पण वायव्य मोकळी आहे. आंबे यंदा उशिरा धरले. शेजारच्यांची म्हैस व्यायली. मी मनात म्हणत होते, आता युक्रेन; तिथे खाली युद्ध चाललंय आणि वरून हे जातंय. आता कॅस्पियन. अण्णा मध्येच गप्प झाले. मला वाटलं फोन तुटला.

"अगो बाय, आलं हो!" ते ओरडले. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा इतका मोठा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "केवढं मोठं गो! सरळ माथ्यावर येतंय." मागून आईचा आवाज आला, कुठे, कुठे, आणि अण्णा तिला सांगत होते, श्रवणाच्या बाजूला बघ, चालतंय ते. मला तिथलं काही दिसत नव्हतं. माझ्यासमोर करडा समुद्र होता. पण सतरा मिनिटांपूर्वी मी ज्यावर नजर लावली होती त्याच्यावर आता त्यांची नजर होती, आणि त्यांच्या श्वासावरून मला कळत होतं ते कुठे पोचलं असेल.

पुढे २०२५ च्या २५ जूनला शुभांशु शुक्ला निघाले. फ्लोरिडाहून स्थानकाकडे सोडलेलं यान ईशान्येला झेपावतं आणि सुटल्यापासून वीसएक मिनिटांत ब्रिटनच्या भागात येतं. हिवाळ्यातल्या संध्याकाळी असं उड्डाण असलं तर ते इथून दिसतंही. त्या दिवशी आमच्याकडे सकाळचे साडेसात वाजले होते, भारतात दुपारचे बारा. भर उन्हात काही दिसणार नाही हे ठाऊक असूनही मी आठच्या आधी दारात जाऊन दक्षिणेकडे पाहत उभी राहिले. २६ जूनला ते स्थानकात पोचले. त्या स्थानकात पाऊल ठेवणारे पहिले भारतीय. १५ जुलैला उतरले. मधल्या दिवसांत स्थानकावर अकरा माणसं होती, आणि इथे ऐन उजेडाच्या रात्री चालू होत्या. दापोलीत पाऊस कोसळत होता. अण्णा रोज विचारायचे, गेलं का वरून? मी म्हणायचे, गेलं. "सगळं बरं आहे ना त्याचं?" जणू मी तिथे जाऊन त्यांची विचारपूस करून आले होते. मी म्हणायचे, बरं आहे.

त्याच जूनमध्ये चिलीतल्या रुबिन वेधशाळेने आपली पहिली छायाचित्रं जगापुढे ठेवली. ८.४ मीटरचा आरसा, दर काही रात्रींनी तिथून दिसणारं सगळं आकाश टिपणार. ती पाहताना मला आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी काळजी वाटली. २०१९ च्या मेमध्ये स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह सुटले. आता ते सात हजारांच्या वर आहेत आणि इतरही कंपन्या रांगेत आहेत. नवे सोडले की काही रात्री ते एकामागोमाग एका ओळीत जाताना दिसतात. इथली मुलं टाळ्या वाजवतात, आणि तो देखावा आहे खरा. दुर्गम खेड्यात त्यामुळे इंटरनेट पोचतं हेही मला मान्य आहे. तरी ही गर्दी मला मनापासून खुपते. ज्या कारणाने मला या रात्री प्रिय आहेत त्याच कारणाने त्या आता वेधशाळांना जड जाणार. उन्हाळ्यात वर सतत ऊन, म्हणजे सतत रेघा. कंपनीने उपग्रह काळपट करून पाहिले, उन्हाची झडप लावून पाहिली, थोडा फरक पडला. पण आकाश ही कुणा एकाची मालकी नाही, आणि त्यात किती वस्तू असाव्यात हे ज्याच्याकडे रॉकेट आहे त्याने एकट्याने ठरवावं, हे मला पटत नाही. एकट्या एकोने सगळ्या गल्लीला परसात आणलं होतं.

अण्णांनी त्या पहाटेपासून वही घातली आहे. शाळेच्या हजेरीची जुनी, लांब. तारीख, वेळ, दिशा, कुठल्या ताऱ्याजवळून. दिवाळीनंतर आकाश मोकळं झालं की त्यांच्या नोंदी वाढतात आणि माझ्या थांबतात, कारण इथे ढग आणि पाऊस. एक गोष्ट त्यांच्याकडे अशी आहे जी माझ्याकडे कधीच येणार नाही: हबल. ती दुर्बीण १९९० पासून साडेअठ्ठावीस अंशांच्या कक्षेत फिरते आहे. कोकणच्या माथ्यावरून जाते, पण या किनाऱ्यावरून पाहायला गेलं तर क्षितिजाच्या वर येतच नाही. चिनी स्थानकही इथे पार दक्षिणेला क्षितिजाशी घासत जातं, आणि त्यांच्याकडे डोक्यावरून. अण्णा फोनवर हे सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात मास्तरकी येते. हबल स्थानकाएवढी ठळक नाही, म्हणतात, मधल्या ताऱ्याएवढी. पण चाल शांत, आणि मध्येच सावलीत गेली की पुसल्यासारखी जाते, ती जागा मी वहीत लिहून ठेवतो.

किंग-हेलींची रीत मी त्यांना समजावून दिली आहे. दोन तारे, एक रेघ, बोट. त्यांना ती फार आवडली. मोबाइलवर जमवायचा प्रयत्नही केला. या नोव्हेंबरात मी पंधरा दिवस घरी जाणार आहे. काय आणू म्हणून विचारलं, तर म्हणाले, काटेवालं स्टॉपवॉच आण, वर बटण असलेलं. काचेवर बोट ठेवलं की कळत नाही दाबलं की नाही, आणि बघायला मान खाली घातली तर तोवर हबल निघून जाते.